दोन मिनिटं

रावपुऱ्यात, फरसाणवाल्याच्या डोक्यावर माझा क्लास.
तेवीस पायऱ्या. खाली शेव तळतात,
वर आम्ही साडेसहा बँडसाठी जीभ तळतो.

चिठ्ठीवर प्रश्न होता:
तुमच्यावर छाप पाडणाऱ्या माणसाबद्दल बोला.
माझ्या हातात घड्याळ. वेळ दोन मिनिटं.

क्रुपेश पढियार उभा राहिला,
पादऱ्याहून साडेसहाच्या बसनं येणारा,
बाही नेहमी मनगटापर्यंत बटण लावलेली.
"माय फादर इज लाइनमन.
ही इज गुड मॅन. ही गो बाय सायकल."
मग पंखा. मग खालची कढई.
एकोणीस सेकंद.
अजून? मी विचारलं.
"बस, एटलुं ज, मॅडम."

गुजरातीत तो संध्याकाळपर्यंत बोलला असता.
इंग्रजीत त्याचा बाप एकोणीस सेकंदांचा होता.

तेव्हा मी व्याकरण मिटलं
आणि खोटं बोलायला शिकवायला घेतलं,
मी, डांडिया बाजारातल्या मास्तरांची मुलगी,
जिला खोट्यासाठी पट्टी मिळायची.
म्हटलं, परीक्षक घरी पोलीस पाठवत नाही.
माणूस खरा नसला तरी चालेल,
क्रियापद खरं हवं.

दुसऱ्या दिवशी क्रुपेश एक काका घेऊन आला.
कनुकाका. पुराच्या रात्री
विश्वामित्रीतून वर आलेली मगर
त्यानं गोणपाटात गुंडाळली,
रिक्षात बसवली, काळा घोड्यापर्यंत नेली.

वर्ग जागा झाला.
रिक्षाचा रंग कोणता, जिगीषा राठवानं विचारलं,
जी तोवर फक्त हजेरीला बोलायची.
भाडं कुणी दिलं, इम्तियाझ व्होरा.
मगरीचं वेगळं भाडं पडलं का?
आणि तीन आठवडे फळ्यावर मेलेला तो भूतकाळ,
भूतकाळाच्याही मागचा,
क्रुपेशच्या तोंडून आपसूक चालत आला:
"बिफोर द ड्रायव्हर लुक्ड बॅक,
द क्रोकोडाइल हॅड सॅट डाउन."
मी टाळी वाजवली. खडू पडला, त्याचे दोन तुकडे.

महिनाभर कनुकाका आमच्याकडे राहायला होता.
कुणी त्याचं लग्न लावलं, कुणी मोडलं.
कधी तो कमाटीबागेत हरवायचा,
कधी व्हिसा ऑफिसात रांग मोडायचा.
नंतरच्या बॅचनाही तो वारशात मिळाला,
जसा आम्हाला हा डुगडुगणारा बाक मिळाला.

क्रुपेशला सात बँड. मग ब्रॅम्प्टन,
मग दिवाळीला हात जोडलेलं चित्र,
मग तेही नाही.

नोव्हेंबरात, दुपारी दोनला (तिकडे रात्रीचे साडेतीन)
मेसेज: "मॅडम, कनु अंकल हॅज डाइड."

माझी नजर आधी 'हॅज'वर गेली.
बरोबर होतं.
त्याची लाज नंतर वाटली, जिन्यात.

पादऱ्याला फोन करता आला असता.
जिगीषाकडे नंबर असणारच.
मी केला नाही. जे मला येतं तेच केलं,
लिहिलं: व्हॉट कलर वॉज द रिक्शा?

बराच वेळ तो टाइप करत होता, थांबत होता.
मग आवाज आला. रेकॉर्डिंग.
मागे कुठलंतरी मोठं यंत्र, बहुधा गोदाम.
"नो रिक्शा, मॅडम," तो म्हणाला,
आणि सांगत गेला:
खाकी शर्टाच्या खिशात पकड,
पायाच्या अंगठ्याशी खांबाची जुनी खूण,
पुरात चार दिवस अंधार, आणि काका खांबावर,
आणि खाली गावाच्या खिडक्या एकेक करून.
मगर आलीच नाही गोष्टीत.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
परीक्षकानं मधेच तोडलं असतं.

शेवटचं वाक्य मी तीनदा ऐकलं.
"ही गो बाय सायकल."
सात बँडचा मुलगा.
इथे 'गोज' हवं होतं, की 'वेंट',
चारची बॅच चढेपर्यंत
माझं काही ठरलं नाही.